पावण्याला बाहेर काढा!

गॅसवाल्यानं टाकी जिन्यात उतरवली आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी विचारलं, "मामा, कुत्रं चावतंय काय?"

मी चाट पडलो. कुत्रं त्या वेळी गच्चीवरच्या खोलीत घोरत होतं. ते भुंकलं नव्हतं, दिसलं नव्हतं, दारावर तसली पाटीही नाही.

"तुला कसं कळलं रे?"

"वास आला की."

पावती माझ्या हातात देऊन तो निघून गेला. मी तिथंच उभा राहून चार लांब श्वास घेतले. वास आला तो फोडणीचा. बायकोला हाक मारली, तिनं येऊन हुंगलं, म्हणाली, "कसला वास? मोहरी जळाली वाटतं," आणि आत पळाली. आईनं पदर नाकाला लावून मग काढून अशी दोनदा चाचणी घेतली आणि निकाल दिला की गॅसवाल्याच्या नाकात दोष आहे.

थोरली मात्र गप्प होती. ती शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते, त्यामुळं घरात कुठल्याही घाणीवर शेवटचा शब्द तिचा. म्हणाली, "पप्पा, आपल्याला येणारच नाही. तोच वास सारखा येत राहिला की नाक थोड्याच वेळात सरावतं, मेंदूला कळवायचंच बंद करतं. बाहेरच्यालाच येतो."

म्हणजे आमच्या घराला कसला वास येतो हे गॅसवाल्याला माहीत, पेपरवाल्याला माहीत, सगळ्या गल्लीला माहीत. ज्यानं घराचं कर्ज फेडलं त्याला तेवढं माहीत नाही. आणि ही बातमी कळली कधी, तर येत्या रविवारी थोरलीला बघायला पावणे यायचे होते तेव्हा. हातात आठ दिवस, महिना जुलै.

इथं एक खुलासा केला पाहिजे. आमच्या घरात 'पावणा' हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण कुत्र्याचं नाव पावणा आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका हे कोल्हापूरच्या पोराला बाराखडीच्या आधी पाठ असतं, पण त्या वर्षी नदीनं ते आकडे कधीच मागं टाकले होते. आमचा तळमजला पाण्यात गेला. आम्ही वरच्या मजल्यावर मेणबत्ती लावून बसलो होतो, तेवढ्यात जिन्याच्या पाण्यातून एक तांबूस डोकं पोहत वर आलं. चौथ्या पायरीवर त्यानं अंग झाडलं आणि सरळ आईच्या गोधडीवर जाऊन बसलं. मी हाकलायला उठलो, तर आई म्हणाली, "पाणी उतरंपर्यंत ऱ्हाऊ दे. पावणा हाय."

पाणी आठवड्यात उतरलं. चिखल महिन्यानं गेला. पावणा अजून आहे.

बोका त्याच्याही आधीपासूनचा. एका कानाला खोक, गालफडं भरलेली, दिवसातून तीनदा गल्लीची फेरी. धाकट्यानं त्याचं नाव सरपंच ठेवलं. हा फेरीहून आला की पडद्याला पाठ करून शेपटी ताठ उभी करतो, शेवटाला ती जरा थरथरते, आणि एक बारीक पिचकारी उडते. म्हणजे एवढा पडदा आपल्या हद्दीत आला. तलाठ्याला विचारायची गरज नाही.

सुरुवात पावण्यापासून केली. पावसाळ्यात तो दिवसातून चारदा भिजतो आणि प्रत्येक वेळी नवीन जोमानं घमघमतो. थोरलीचं म्हणणं, तो वास कुत्र्याचा नव्हेच. त्याच्या केसांत जिवाणू आणि यीस्ट राहतात, त्यांची वासाची द्रव्यं केसांवर साठलेली असतात. पाणी पडलं की ती सुटी होतात आणि पाणी वाळताना वाफेबरोबर हवेत येतात.

"म्हणजे कुत्रं निर्दोष?"

"त्याच्याकडं भाडेकरू आहेत."

फुकट राहणारा पावणा, त्यानं वर पोटभाडेकरू ठेवलेले. हे सहन होण्यासारखं नव्हतं. मी त्याला न्हाणीघरात ओढला आणि माझ्या चंदनाच्या साबणानं घासून काढला. तासाभरानं त्याला चंदन लावलेल्या ओल्या कुत्र्याचा वास यायला लागला, जो आधीच्याहून वाईट होता. शिवाय तो खाजवायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, माणसाच्या कातडीला आंबटपणा जास्त, कुत्र्याच्या कातडीला कमी, त्यामुळं आपला साबण त्याला सोसत नाही. मग त्यांनी पावण्याचा कान उलटा करून माझ्या नाकाशी धरला. मी दोन पावलं मागं सरलो. निम्मा वास तिथंच होता. कानात घालायचं औषध, त्याचा वेगळा शाम्पू, आणि फिरवून आणलं की आधी कोरड्या टॉवेलनं खसाखसा पुसायचं, एवढं लिहून दिलं. तो टॉवेल कुठला हे घरात सांगितलं नव्हतं, म्हणून बुधवारी धाकट्यानं त्यानंच तोंड पुसलं. ते जाऊ दे.

खरं प्रकरण सरपंचाचं निघालं.

गुरुवारी रात्री थोरली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून नोटा तपासायची निळी बॅटरी मागून घेऊन आली. म्हणाली, मांजराचं मूत या अतिनील उजेडात चमकतं, सगळे दिवे घालवा. आम्ही पाचही जण अंधारात ओळीनं उभे राहिलो. तिनं बटण दाबलं.

त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर पणत्या लावतात, तसं दिसलं. सोफ्याच्या चारी पायांवर पिवळट हिरवे ओघळ. टीव्हीच्या टेबलावर दोन. पडद्यावर तर नक्षीच. बायको प्रत्येक ठिपक्याला "आई गं" म्हणत होती. आई देवघराकडं बॅटरी जाऊ देईना; "तिकडं काय बघतीस, तिकडं देव हायती," म्हणाली. बॅटरी गेलीच. देव सुरक्षित होते, देवासमोरचा पाट नव्हता. मग उजेड फिरत फिरत दारामागच्या खुंटीवर आला आणि तिथं माझी ऑफिसची बॅग लखलखली. एका बाजूनं नव्हे, दोन्ही बाजूंनी.

ऑफिसात दोन वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी टिकत नाही. मी समजत होतो माझा दरारा आहे.

शुक्रवारपासून घरात तीन वैद्यकं सुरू झाली. आईनं शेणीच्या निखाऱ्यावर ऊद आणि कडुलिंबाचा पाला टाकून खोल्या भरून काढल्या. धूर गेल्यावर वास जसाच्या तसा, वर धुराचा. मी महापुरानंतर शिल्लक राहिलेली ब्लीचिंग पावडर शोधून काढली, तर थोरलीनं ती हातातून हिसकावली. मुतात अमोनिया असतो, त्यावर ब्लीच पडलं तर विषारी वायू होतो. मग फिनेल काढलं, तर तेही नाही. फिनॉल पचवायची ताकद मांजराच्या यकृतात नाही, आणि पाय चाटायची सवय तर त्याला आहेच. मग कपाटातल्या डांबर गोळ्या. त्या तर म्हणे दोघांनाही घातक. अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा तेवढा राहिला होता. त्यावर ती म्हणाली, "त्यानं सरपंचाला वाटेल दुसरा बोका येऊन गेला. तो पुन्हा सही करेल."

"मग वापरू काय, गोमूत्र?" मी विचारलं. विनोद म्हणून विचारलं होतं. आईनं गंभीरपणे मान हलवली.

थोरलीची उपपत्ती अशी. मुतातलं यूरिक आम्ल वाळून त्याचे खडे बनतात. ते पाण्यात विरघळत नाहीत. आपण फरशी पुसतो, वरवरचा वास जातो. पावसाळी दमट हवा लागली की खडे पुन्हा बोलायला लागतात. ते फोडायला एन्झाइमचं द्रावण लागतं, आणि ते शिंपडून लगेच पुसायचं नसतं, तासन् तास ओलं ठेवायचं असतं. तोवर साध्या डागांना पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, आणि गादीवर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून घ्यायचा.

धाकट्यानं दोन्ही एकदम ओतलं. सोफ्यावर भला मोठा फेस आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरली म्हणाली, "झालं. दोघांनी एकमेकांना मारलं, उरलं मीठपाणी." फेस कोल्हापूरकराला आवडतो, दुधावरचा असो की सोफ्यावरचा, पण सोफा त्यानं ओला होतो. त्यावर आणखी एन्झाइम. शनिवारी सोफ्यातून पाणी ठिबकत होतं आणि बाहेर राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी होती. जुलैत आमच्याकडं बनियन वाळायला तीन दिवस लागतात, तिथं तीन माणसांचा सोफा कधी वाळायचा? दोन पंखे लावले, इस्त्री फिरवली, बायकोनं केस वाळवायचं यंत्र अर्धा तास धरलं. शेवटी ओल्या स्पंजावर प्लॅस्टिक घातलं, त्यावर लग्नातली चादर.

सरपंचाची नसबंदी हा कायमचा उपाय, असं डॉक्टर म्हणाले होते. बहुतेक बोक्यांचं शिंपण त्यानं पुष्कळ कमी होतं, मात्र फरक दिसायला काही आठवडे लागतात. तो निर्णय मी रविवारनंतर ढकलला. पुरुषाला असल्या कागदावर सही करताना जरा जड जातं. त्याऐवजी वाळूचं एक टोपलं होतं त्याची दोन केली. मांजरं जितकी, त्याहून एक टोपलं जास्त, असा हिशेब असतो. सरपंचानं दोन्हींची पाहणी केली आणि दोन्ही वापरात आणली. दोन खुर्च्या मिळाल्या तर कोण सोडतो?

रविवारी घराला लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता, असं थोरली म्हणाली. आम्हाला येत नव्हता. दोन दिवसांत आम्ही व्हिनेगरलाही सरावलो होतो. बायकोचा स्वतःचा डाव वेगळा होता. पोह्यांचा बेत रद्द करून तिनं सकाळपासून तांबड्या रश्श्याला चटणी परतायला घेतली. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, आणि ती तेलात पडली की बाकी सगळे वास मागच्या दारानं निघून जातात. त्यांच्याबरोबर माणसंही जातात. पावणे जिना चढले ते ठसकत आणि डोळे पुसतच. मुलाचे वडील, आई, मुलगा आणि मुलाचे मामा. कागलकडची मंडळी, घरचा दुधाचा व्यवसाय.

मामा मागं राहिले होते. गाडी लांब लावून भर पावसात चालत आले, नखशिखांत भिजले आणि नमस्कार करून सोफ्यावर टेकले. प्लॅस्टिक चुर्रर्र वाजलं. सगळे कौतुकानं छताकडं बघायला लागले.

त्याच क्षणी गच्चीचं दार उघडलं गेलं असावं, कारण आतल्या खोलीतून आईचा खणखणीत आवाज आला:

"आरं, त्या पावण्याला आदी भाईर काढा! भिजून आलाय आन् तसाच सोफ्यावर बसलाय! घरभर वास मारतोय!"

मामा उभे राहिले.

मी "तुम्ही नव्हे, तुम्ही नव्हे, दुसरा पावणा," एवढंच म्हणू शकलो. त्यानं मुलाचे वडीलही उभे राहिले. खुलासा करायला शब्द शोधतोय तोवर खरा पावणा आतल्या खोलीतल्या सोफ्यावरून उठून आईच्या हातातून निसटला, बैठकीच्या मधोमध आला आणि त्यानं डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. नव्या साड्या, इस्त्रीचे सदरे, पेढ्यांचा बॉक्स, कुणाला वगळलं नाही.

कुणी बोलेना. मुलाच्या वडिलांनी चष्मा पुसला, खाली वाकून पावण्याची मान खाजवली आणि म्हणाले, "पावणा व्हय हा? लई भारी. मामा, बसा की आता." मामा बसले. उठताना त्यांची पँट मागून ओली होती. ती पावसानं की आमच्या सोफ्यानं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. रश्श्याच्या तीन वाट्या त्यांनी प्यायल्या, एवढं मात्र मी मोजलं. आत थोरली आणि मुलगा कोपऱ्यात उभे राहून यूरिक आम्लावर बोलत होते. तो पशुखाद्याच्या धंद्यात आहे. जमतंय असं वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या गावी गेलो. बारा म्हशी, घराला लागूनच गोठा. गाडीतून उतरताच नाकात हिरव्या चाऱ्याचा, शेणाचा, ऊन दुधाचा असा काही दाट भपकारा घुसला की बायकोनं माझा हात दाबला. मुलाची आई हसून म्हणाल्या, "आमच्यात गोठा हाय, पर वास म्हणून काय येत न्हाई बगा." आम्ही चौघांनी एकदम माना डोलावल्या. अर्ध्या तासात खरंच येईनासा झाला. जेवून, गोठ्यात बसून, धारा बघून, फेटा आणि नारळ घेऊन रात्री परत आलो. पावण्यानं माझ्या विजारीची पाऊण तास चौकशी केली. सरपंचानं फेट्याकडं एकदा बघितलं आणि पाठ वळवली. मी वेळेवर उचलला.

परवा गॅसवाला आला. टाकी जिन्यात ठेवली, उंबऱ्याशी थांबला, नाक वर केलं. मी श्वास रोखून त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. एन्झाइम, सोडा, कानाचं औषध, दोन टोपली, सगळं त्याच्या एका हुंगण्यावर अवलंबून होतं.

"मामा," तो म्हणाला, "म्हस कवा घेतलीसा?"