पाण्याची वाट ओळखणारा तपासनीस: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

बांधकामाच्या जागेवरील मातीची धूप आणि पावसाच्या पाण्याचा निचरा तपासणाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी मी जे लिहिले, त्यावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवलात याबद्दल आभारी आहे. गाळ अडवणारे, कुंपणासारखे उभे केलेले कापड जागेवर आहे की नाही हे पाहायला कोणाला शिकवावे लागत नाही, स्थापत्य अभियंत्याला ते येतेच, इतरांना छापील तपासणी-यादी पुरते आणि प्रशिक्षणाचा पैसा कापडावरच खर्च केला तर ओढ्यात माती कमी जाईल, असे आपले म्हणणे आहे. आपण दीर्घकाळ साइटवर काम केले असल्याने याला वरवरचे उत्तर देणे मला उचित वाटत नाही.

प्रथम यादीविषयी. ‘गाळरोधक कापड लावले आहे का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिले जाते आणि ते खोटेही नसते, कारण कापड तेथे उभे असते. परंतु त्याची खालची कड साधारण १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून माती दाबून बसवलेली नसेल, तर पाणी कापडाखालून निघून जाते. कापड समपातळीत न लावता उतारावर तिरपे लावले असेल, तर सगळे पाणी त्याच्या कडेकडेने सखल टोकाकडे धावते. आणि ती टोके चढाच्या बाजूला वळवलेली नसतील, तर तेथून वळसा घालून बाहेर पडते. असे कापड नसलेले बरे, कारण जे पाणी उतारावर पसरून वाहिले असते ते एका ठिकाणी गोळा होऊन घळ पाडते. जोरदार पावसानंतर कापडामागे गाळाचा थरच दिसला नाही, तर अननुभवी माणूस ‘स्थिती उत्तम’ असे लिहून पुढे जातो. शिकलेला माणूस नेमका तेथेच थांबतो, गाळ गेला कुठे याचा शोध घेतो, कापडाच्या बुडाशी बोटे घालून पाहतो आणि टोकापलीकडची ताजी ओघळ शोधून काढतो. ही दृष्टी यादीतून येत नाही.

पैसा कापडावर खर्च करावा या आपल्या सूचनेशी माझा मतभेद अधिक मूलभूत आहे. कापड पाणी गाळते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते मुख्यतः पाणी तुंबवते, आणि तुंबलेल्या पाण्यातून माती खाली बसते. कण किती वेगाने बसेल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी होतो. एक मीटर खोल स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण सुमारे दोन मिनिटांत तळाला जातो, ०.०१ मिलिमीटरच्या बारीक पोयट्याला जवळपास तीन तास लागतात, तर ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला बारा-तेरा दिवस लागू शकतात. कोणतेही कापड पाणी इतके दिवस धरून ठेवत नाही. म्हणूनच चिकणमातीच्या जागेवर कापडाच्या दुहेरी-तिहेरी रांगा लावूनही ओढा गढूळ होतो, आणि अशा ठिकाणी खरा उपाय म्हणजे माती मुळात सुटूच न देणे: एका वेळी कमीत कमी जमीन उघडी करणे, काम थांबलेल्या उतारावर लगेच पेंढ्याचे किंवा गवताचे आच्छादन घालणे, वरून येणारे स्वच्छ पाणी चर काढून उघड्या मातीपासून दूर वळवणे. धूप रोखणे आणि सुटलेला गाळ अडवणे ही दोन निराळी कामे आहेत. हा भेद ज्याला उमगलेला नाही, तो तपासनीस प्रत्येक अडचणीवर आणखी कापडच सुचवील.

अभियंत्याला हे येतेच, या विधानाविषयी मला आदरपूर्वक शंका आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात निचऱ्याची रचना शिकवतात, पण ती बहुधा काम पूर्ण झाल्यानंतरच्या जमिनीची असते. बांधकाम चालू असताना जमीन दर आठवड्याला बदलते. भराव पडला, रस्त्याची खोदाई झाली, मातीचा ढीग हलला, की पाण्याची वाट बदलते आणि नकाशा मागे पडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२२ च्या बांधकामविषयक परवान्यात तपासणी करणाऱ्याने विहित प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणे, अथवा त्या तोडीचे प्रमाणपत्र मिळवणे बंधनकारक केले. त्याच परवान्यानुसार तपासणी एकतर दर सात दिवसांनी करायची, किंवा दर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस झाल्यावर चोवीस तासांच्या आत. तपासणी पावसाशी बांधण्यामागचे कारण उघड आहे: ओघळी ताज्या असतात तेव्हाच त्या वाचता येतात, दोन दिवसांनी त्यांच्यावरून यंत्रे फिरलेली असतात.

आपला एक मुद्दा मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. कंत्राटदाराच्या पगारावरचा तपासनीस कितीही शिकला तरी त्याच्या शब्दाला वजन नसेल तर काहीच बदलत नाही. अधिकार हवाच, आणि तो प्रशिक्षणाने मिळत नाही. तथापि नोंद कशी लिहिली आहे यावर बरेच अवलंबून असते. ‘कापड खराब आहे’ ही नोंद कोणीही टाळू शकतो. ‘पूर्वेकडील कापडाच्या सखल टोकाजवळ बुडाखालून पाणी जात आहे, गाळ कुंपणाबाहेर ओढ्याच्या काठापर्यंत पोहोचला आहे, वरच्या उतारावर आच्छादन नाही’ ही नोंद छायाचित्र आणि तारखेसह समोर आली की ती टाळणाऱ्याला तसे लेखी कारण द्यावे लागते. अशी नोंद लिहिणे शिकवावे लागते.

वर्गात चित्रे दाखवून दिलेले प्रमाणपत्र पुरेसे नाही, हे आपण लिहिलेत तेही रास्त आहे, आणि प्रशिक्षण बंद करण्याऐवजी त्याची परीक्षा बदलावी असे मला त्यावरून वाटते. उमेदवाराला पावसाच्या दिवशी जागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात, जेथून पाणी बाहेर पडते तेथे उभे करावे, आणि गढूळ पाण्याचा माग काढत उलट दिशेने चढावर जायला सांगावे. माती कोठून सुटली ते त्याने दाखवावे, आणि पुढच्या आठवड्यात होणारी खोदाई नकाशावर पाहून पाणी तेव्हा कोणत्या बाजूने बाहेर पडेल हेही सांगावे. आपल्यासारख्या अनुभवी माणसांनी अशा परीक्षेला परीक्षक म्हणून उभे राहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.