दात हलतो का? हो / नाही

हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला धास्ती होती सुरीची. घाम फोडला तो टॅबने. गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने तो हातात दिला. "काका, भूल द्यायच्या आधीची माहिती आहे. भरून टाका."

पहिलाच प्रश्न : न थांबता दोन मजले चढता येतात का? गेल्या श्रावणात पांडवलेणी चढलो होतो, पण मध्ये तीनदा 'देखावा बघायला' बसून. देखाव्याचा पर्याय टॅबवर नव्हता. 'हो' दाबलं.

मग : एखादा दात हलतो का? हर्निया कुठे, दात कुठे! सिस्टर म्हणाल्या, घशात नळी घालताना हलणारा दात निखळू शकतो. मी जिभेने एकेक दात चाचपला. पाच मिनिटांनी सगळेच हलायला लागले.

पुढे दारू. द्राक्षांच्या गावात हा प्रश्न सोपा नाही. वाईन दारूत धरायची की फळफळावळीत? पण डॉक्टरांसमोर "कधीतरी, लग्नाकार्यात" म्हणणारा मी इथे खरा आकडा लिहून मोकळा झालो. यंत्र भुवया उंचावत नाही ना! मी काही एकटा नव्हे. १९६६ साली अमेरिकेत वॉर्नर स्लॅक या डॉक्टरांनी कॉम्प्युटरला पेशंटची विचारपूस करायला लावली, आणि पुढे १९७७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात पिणाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञांपेक्षा कॉम्प्युटरपाशीच जास्त दारू कबूल केली. त्याच भरात मी तंबाखूपुढेही 'रोज' दाबलं. सोडून चार वर्षं झाली, असा घरात समज आहे. ही तेव्हा चहा आणायला गेली होती.

परतली ती नेमकी घोरण्याच्या प्रश्नाला. 'बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं घोरता का?' मी 'नाही' दाबलं.

"अहो!" हिने टॅब ओढला. "वरच्या मजल्यावरचे विचारतात, मिक्सर एवढ्या रात्री का लावता म्हणून!" उत्तर बदलायला तिने 'मागे' दाबलं. एकदा दाबून भागलं असतं. तिने तीनदा दाबलं.

मी चहाकडे बघत राहिलो. साय धरली होती.

बराच वेळ काही आवाज नाही. मग टॅब माझ्या मांडीवर आला. शेवटचा प्रश्न उरला होता : 'ऑपरेशननंतर २४ तास तुमच्यासोबत कोण थांबणार?'

"विचार त्याला," ही म्हणाली, "तंबाखूवाला थांबतो का."