गारगोट्यांचा भाव

मला दगडांबद्दल काहीही विचारा. अ‍ॅमेथिस्ट महिनोन्‌महिने उन्हात राहिला की त्याचा जांभळा रंग उडतो, काच गालाला लावली तर पटकन कोमट होते आणि स्फटिक मात्र बराच वेळ गार राहतो, बाजारात फिरोजा म्हणून जे गळ्यात मारलं जातं त्यातलं बरंचसं रंगवलेलं हाउलाइट, म्हणजे एक पांढरा दगड, असतं. मी तासभर बोलेन, मध्ये पाणीही न पिता. फक्त "केवढ्याला?" एवढं विचारू नका. तो प्रश्न आला की माझी मान खाली जाते, नापास पोराला मार्क विचारल्यासारखा आवाज बसतो आणि मी पुटपुटते, "तसे अठराशे पन्नास आहेत... म्हणजे, लावलेत." त्या 'तसे' आणि 'लावलेत'मध्ये समोरच्या बाईला दोनशे रुपयांची फट दिसते. ती त्यात बोट घालते आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण हात.

हे सगळं सुरू झालं सिन्नरला. पाहुण्यांना घेऊन शिर्डीला निघालो होतो, वाटेत 'गारगोटी' हे खनिजांचं संग्रहालय लागतं म्हणून थांबलो. पाहुणे पंधरा मिनिटांत बाहेर येऊन चहाची टपरी शोधायला लागले. मला दीड तासाने ओढून बाहेर काढावं लागलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला, आणि त्या पोकळ्यांमध्ये पाणी झिरपत झिरपत स्फटिक वाढत गेले. आपल्याकडे विहीर खणताना नाहीतर खाणीत सुरुंग लावल्यावर कातळ फुटतो आणि आत हिरवट अपोफिलाइट, पिकल्या पीचसारखं स्टिल्बाइट चमकत असतं. मी नाशिकची, जन्मभर ह्या काळ्या दगडावर पाय आपटत आले आणि आत हे एवढं ऐश्वर्य! परतीच्या वाटेवरच मी जाहीर केलं की मी खड्यांचे दागिने करणार.

सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "म्हणजे गारगोट्या विकणार."

तेव्हापासून आमच्या घरात माझ्या व्यवसायाचं नाव 'गारगोट्या' असंच आहे. "गारगोट्यांचं कुरिअर आलंय", "गारगोट्यांची पिशवी डायनिंग टेबलावरून उचल", "आज गारगोट्या की स्वयंपाक?" वगैरे.

पहिला प्रयोग अर्थातच अपोफिलाइटवर. गावचा दगड, गावचा दागिना, अशी माझी देशभक्ती. पण मोह्‌जच्या काठिण्य मापावर क्वार्ट्‌झ (अ‍ॅमेथिस्ट त्यातलाच) 7 ला बसतो आणि अपोफिलाइट साडेचार-पाचच्या आसपास, शिवाय तो पापुद्र्यासारखा सरळ चिरतो. ग्रीकमधून आलेल्या त्याच्या नावातच पानासारखं सुटण्याची गोष्ट आहे, हे मी नंतर वाचलं. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली निवांत पडलेला तो स्फटिक माझ्या ड्रिलखाली चार सेकंदांत दोन तुकडे होऊन बसला. हॉलमधून आवाज आला, "फुटली का गारगोटी?"

मग मी शहाण्यासारखी जयपूरहून मण्यांच्या लडी मागवायला लागले. अकीक मात्र खंबायतचा. तिथले लोक शतकानुशतकं अकीक कापतायत, त्यांच्या मण्यांची भोकं सरळ असतात. भोक सरळ असणं म्हणजे काय सुख असतं ते ज्याने वाकड्या भोकाच्या चाळीस मण्यांतून गिअर वायर, म्हणजे मणी ओवायची तार, घातली आहे त्यालाच कळेल.

शिकताना फसलेही. फिरोज्याची एक लड अगदी स्वस्तात मिळाली. माझ्या मनात शंका होती, पण स्वस्ताई शंकेपेक्षा मोठी असते. त्याचा हार नणंदबाईंनी आवडीने नेला, पैसे "दिवाळीत देते हं" या बोलीवर. श्रावणी सोमवारी तो घालून त्या गर्दीत दर्शनाच्या रांगेत तीन तास घामाघूम उभ्या राहिल्या. घरी आल्या तेव्हा गळा गडद निळा. "ताई, नीलकंठ म्हणजे साक्षात..." एवढंच मी बोलले. त्या हाराचे पैसे अजून यायचेत आणि आता मी मागतही नाही.

घराचं काय झालं म्हणाल तर, मणी हा पदार्थ सांडतो एकदाच आणि सापडतो वर्षभर. गिअर वायरचे तुकडे पायात जातात, तारेच्या टोकाला दाबून बसवायचे गिअर लॉक तर मोहरीएवढे, आणि एकदा मोहरीतच गेले. आमटीत अकीक लागला त्या दिवशी सासऱ्यांनी तो ताटाच्या कडेला काढून ठेवला, मीठ आणि लिंबाच्या मध्ये, आणि न बोलता जेवण पूर्ण केलं. जाताना फक्त म्हणाले, "आज डाव्या बाजूला अकीकही होता."

पण हे सगळं सोपं. किमतीचं तेवढं जमेना.

नवऱ्याने एका रविवारी लॅपटॉप उघडला. तो इंजिनिअर असल्यामुळे त्याला वाटतं की दुःखाचं एक्सेल करता येतं. माझा अ‍ॅमेथिस्टचा हार समोर ठेवला. मणी 620 रुपये, चांदीचं लॉक 280, वायर आणि बारीकसारीक 40, डबी 35, कुरिअरचा वाटा 45. झाले 1020. विक्री 1850. "म्हणजे 830 सुटले!" मी टाळी वाजवली. "थांब," तो म्हणाला. स्टॉलचं भाडं सहा हजार, नशिबाने वीस नग गेले तर नगामागे 300. उरले 530. करायला किती वेळ लागला? सहा तास. आणि डिझाइन सुचायला? मी खरं सांगितलं, चार तास, त्यात एकदा उसवून पुन्हा केला. त्याने भागाकार केला. तासाला 53 रुपये.

"पोळ्यांच्या काकू याच्याहून जास्त घेतात," तो हळू आवाजात म्हणाला, कारण काकू आतच होत्या.

"किंमत वाढव," असं तो सांगून मोकळा झाला. वाढवायला आधी ती तोंडातून बाहेर तर पडली पाहिजे! मी बाथरूमच्या आरशासमोर सराव केला. "अठराशे पन्नास." नुसतं. 'तसे' नाही, 'लावलेत' नाही, शेवटी केविलवाणं हसू नाही. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "आत कुणाशी घासाघीस चाललीय?"

किंमत कशी सांगावी याचे माझे गुरू म्हणजे सराफ बाजारातले पटवेकरी काका. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर चढलंय ते बघून आवराआवर सुरू करायची, अशा बाजारातल्या एका पायरीवर ते बसतात. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून मोत्याचे सर गाठवतात. दोन मोत्यांमध्ये गाठ, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि धागा तुटलाच तर एकच मोती घरंगळतो, सगळा संसार नाही. मी पहिल्यांदा सर घेऊन गेले तेव्हा त्यांनी वर न बघता सांगितलं, "तीनशे. मंगळवारी या."

"काका, जरा जास्त होतात हो," मी म्हटलं. होय, मीच म्हटलं.

काकांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सर माझ्या हातात परत ठेवला. रागाने नाही, अगदी शांतपणे, चुकून आलेलं पत्र शेजारच्या घरात द्यावं तसा. मी तीनशे देऊन मंगळवारी गेले.

दिवाळीच्या आधी गंगापूर रोडवर शुक्रवार ते रविवार प्रदर्शन होतं. काकांचं स्मरण करून मी स्टॉल मांडला. अ‍ॅमेथिस्ट खिडकीच्या उन्हापासून लांब, मोती अत्तराच्या स्टॉलपासून लांब, आणि नथी सगळ्यांत पुढे. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून ज्या गावाला नाशिक म्हणतात अशी कथा आहे, तिथे नथ विकायला बसायचं म्हणजे जरा धाडसच. पण नथीच सगळ्यांत जास्त खपतात. माझ्या शेजारी ओझरच्या मावशी, कुरडया आणि पापड घेऊन. त्यांना कुणी "कमी करा" म्हटलं की त्या म्हणत, "उन्हात मी बसले, कमी तुम्ही मागता होय?" आणि लोक मुकाट पैसे काढत. मी हे वाक्य मनात घोळवलं. पण माझे मणी उन्हात बसत नाहीत.

पहिला तास लोक फक्त हात लावून गेले. एक बाई मोत्याचा सर उचलून सरळ दातावर घासायला लागल्या. खरा मोती दाताला किंचित कणीदार लागतो हे बरोबर, पण त्या सलग पाच सरांची चव घेऊन, "खरे आहेत" असं प्रमाणपत्र देऊन पुढच्या स्टॉलवर चकली खायला गेल्या. दोघी मैत्रिणी आल्या. एकीने कानातलं हातात घेतलं आणि दुसरी म्हणाली, "अगं, हे तर आपण घरीच करू." मला त्यांना माझा पत्ता द्यावासा वाटला. करा, तासाला 53 रुपये आहेत.

मग एक गृहस्थ आले. बायकोला हार आवडला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा गंभीर. "कितीचं आहे, कॅरेट?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शास्त्रीय प्रश्न विचारला! मी खुलले. म्हटलं, "बघा, कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. या हारात 42 ग्रॅमचे खडे आहेत, म्हणजे 210 कॅरेट. कोहिनूर 105.6 कॅरेटचा आहे. जवळजवळ दोन कोहिनूर झाले की!"

ते माझ्याकडे पाहत राहिले. "सोन्याचं विचारतोय. बावीस की अठरा?"

"सोनं नाहीये त्यात. लॉक चांदीचं आहे."

"चला," ते बायकोला म्हणाले.

दुपारी एक बाई आल्या, कॉटनची साडी, हातात कापडी पिशवी. सरळ अ‍ॅमेथिस्टच्या हारापाशी. बराच वेळ बघत होत्या. मग तो प्रश्न आला, पण भलताच. "हा कुठल्या ग्रहाचा?"

मी म्हणणार होते की क्वार्ट्‌झला ग्रह नसतो, लोहाचे अंश आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग यांनी त्याला जांभळा रंग येतो. पण आपल्या शहरात राहून इतका वेडेपणा करू नये. म्हटलं, "नीलमाचं उपरत्न मानतात. शनीचा."

त्यांनी हार चटकन खाली ठेवला, जसा काही तो तापला. मग बाजूला जाऊन फोन लावला. "गुरुजी, जांभळा आहे... हो, हार... नाही, अंगठी नाही... बरं, बरं." परत आल्या. "बघते," म्हणाल्या आणि गेल्या. 'बघते' या शब्दाचा अर्थ मला सात वर्षांत पाठ झालाय. मी हार पुसून पुन्हा मांडला.

शुक्रवारी माझ्या दोन नथी गेल्या आणि मावशींच्या कुरडया संपल्या.

शनिवारी सकाळी दुकान लावून होतंय तोच त्या बाई समोर. आज गर्दी नव्हती. त्यांनी हार उचलला. "केवढ्याला?"

मी पटवेकरी काकांना मनातल्या मनात नमस्कार केला. खाली बघून एका मण्याचं लॉक नीट करत असल्याचं नाटक करत म्हटलं, "अठराशे पन्नास."

आवाज निघाला. बसका नाही, स्पष्ट निघाला. शेजारी मावशींची पापडांची पिशवी हलायची थांबली.

"बरं," त्या म्हणाल्या आणि मोबाइल काढला.

बरं? नुसतं बरं? माझ्या पोटात गोळा आला. कुणी भाव केला नाही की माणसाला उभं राहायला जागाच राहत नाही. मी चुकीची किंमत सांगितली का? त्यांना ऐकू कमी आलं का? की हा हार खरंतर अठ्ठावीसशेचा होता आणि मला एकटीलाच ते माहीत नव्हतं? आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, मला त्यांची दया यायला लागली. कापडी पिशवी, साधी साडी. गुरुजींची दक्षिणा वेगळी असेल. माझं तोंड उघडलं. "नाही म्हणजे, तुम्ही सतराशे..."

तेवढ्यात टेबलावरची ती पेटी बोलली, मोबाइलवरून पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारी. ती पेटी लाजत नाही, मान खाली घालत नाही, तिला 'तसे' माहीत नाही. सकाळच्या रिकाम्या हॉलमध्ये लग्नाच्या मांडवातल्या घोषणेसारखा आवाज घुमला: "एक हजार आठशे पन्नास रुपये मिळाले."

चार स्टॉलवरच्या माना वळल्या. मी तोंड मिटलं.

"काय म्हणालात?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. डबी देते." मी डबी बांधायला घेतली, हात थरथरत होते. शेवटी राहवलं नाही. "तुम्ही भाव केला नाहीत, म्हणून विचारते..."

"गुरुजी म्हणाले ना," त्यांनी आवाज खाली आणला. "शनीचा खडा शनिवारी घ्यायचा आणि भाव अजिबात करायचा नाही. केला की लागतो म्हणे."

त्या हार कपाळाला लावून पिशवीत ठेवून गेल्या. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभी होते. ओझरच्या मावशींनी पापडाची चळत सरळ केली, माझ्या टेबलावरच्या अकीक, गोमेद, मोती, पोवळं सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या,

"ह्या बाकीच्यांना पण शनीच लाव की गं."