आधी पगाराच्या तारखा बघा

नवीन क्लायंट आला की बाकीचे लोक टर्नओव्हर विचारतात, मी पगाराच्या तारखा बघतो. नागपूरच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमना भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांचे पगार, पीएफ, जीएसटी आणि हिशेब सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. मागच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट समोर घेतलं की सगळं दिसतं. कुठे पगार दर महिन्याला पाच-सहा तारखेला गेलेला असतो, कुठे एकदा बाराला, एकदा अठराला, दिवाळीच्या आधी दोन तुकड्यांत. त्यावरून त्या युनिटमधली माणसं मालकाशी खरं बोलत असतील की नाही, याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो.

लीडरशिपवर हल्ली आपल्या नागपुरातही भरपूर कार्यक्रम होतात. त्यातलं पुष्कळ चांगलं असतं. पण विश्वास म्हणजे मालकाचा स्वभाव, त्याचं मन मोठं असलं की झालं, असा जो सूर असतो तो मला मान्य नाही. मी दिलदार मालकांची युनिटं बसताना पाहिली आहेत आणि तुटक बोलणाऱ्या, कधी पाठीवर हात न ठेवणाऱ्या मालकांकडे माणसं वीस-वीस वर्षं टिकलेली पाहिली आहेत. भरवसा बसतो तो ठरल्याप्रमाणे, न मागता, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींमुळे.

आणि हे शिकायला आपल्याला बाहेर कुठे बघायची गरज नाही. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे नागपुरात सुरू झाली. कापूस जवळ, रेल्वे जवळ, म्हणून मुंबई सोडून त्यांनी हे गाव निवडलं. इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता, दलदलीच्या जमिनीत सोनं गाडणाऱ्याला कोण कर्ज देणार म्हणून. ही गोष्ट नागपुरात अनेकांना माहीत आहे. पुढची गोष्ट त्यापेक्षा मोलाची आहे आणि ती कमी सांगितली जाते. या मिलमध्ये १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्याला भरपाई मिळू लागली. देशात कामगार भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये.

त्या काळातल्या मिलचे कामाचे तास आणि मजुरी आज कुणी आदर्श म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मिल पुढे बंद पडली, तिथे आज मॉल उभा आहे, हेही खरं. पण शेतातून आलेला, घड्याळाची सवय नसलेला माणूस रोज कामावर यावा कसा, हा प्रश्न त्या मालकांपुढे होता. उद्या हात मशीनमध्ये गेला तर घरच्यांचं काय, म्हातारपणी काय, याचं उत्तर त्यांनी आधी लिहून ठेवलं. मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेलं, कागदावरचं उत्तर. मला यात लीडरशिप दिसते.

आता त्याच्या उलट बघा. कामगाराच्या पगारातून बारा टक्के पीएफ कापला जातो, मालकाचा हिस्सा त्यात मिळवून पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. एका युनिटमध्ये कापला जात होता, भरला जात नव्हता. पॉलिशिंगवर काम करणारा एक जण माझ्याकडे मोबाईल घेऊन आला. पासबुक उघडलेलं, शेवटची नोंद सात-आठ महिने जुनी. म्हणाला, "साहेब, पगारातून तं कटून राहिला, इथं काहून दिसून नाही राहिला?" आवाज चढलेला नव्हता. पॉलिशच्या काळ्या बोटाने तो स्क्रीन खाली-वर सरकवत होता, जणू नोंद खाली कुठेतरी राहून गेली असेल.

मालकाची बाजू मला माहीत होती. वरून पेमेंट अडकलं होतं, बँकेची सीसी लिमिट (खेळत्या भांडवलासाठीच्या कॅश क्रेडिटची मर्यादा) भरलेली, म्हणून "तात्पुरते" ते पैसे कच्च्या मालात गेले. पण कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम कायद्याच्या नजरेत मालकाकडे विश्वासाने सोपवलेली असते आणि ती न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्या दिवसापासून त्या शेडमध्ये काय झालं ते मी पाहिलं. मालकाने ओव्हरटाइमचा हिशेब सांगितला की लोक तो वहीत उतरवून घेऊ लागले. चांगले दोन फिटर दुसऱ्या युनिटला निघून गेले. मालक मला म्हणाला, "आजकाल माणसांना निष्ठाच राहिली नाही." मला त्या वाक्याचा फार राग येतो.

हिंगण्यातल्या एका मशीन शॉपमधली गोष्ट सांगतो. मी केबिनमध्ये खरेदीची बिलं जुळवत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माल जायचा होता. रात्रपाळीचा ऑपरेटर घरी न जाता थांबलेला, तो आत आला आणि उभ्या उभ्याच बोलला, "भाऊ, रात्री बोअर मोठा निघून राहिला होता. मले पहाटे समजलं. किती गेले ते मोजून नाही झालं अजून." बोअर म्हणजे बुशच्या, त्या नळीसारख्या सुट्या भागाच्या, मधलं भोक. मालकाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "वेगळे काढून ठेवले का?" ठेवले होते. मग दोघं बाहेर गेले, एकेक बुश गेजवर, म्हणजे मापाच्या साधनावर, लावून बघितला, खराब होते त्यांवर लाल खूण केली. त्यानंतर मालकाने स्वतः ग्राहकाला फोन करून माल अर्धाच येईल, उरलेला दोन दिवसांनी, असं सांगितलं. पलीकडून चार शब्द ऐकावे लागले, ते त्याने ऐकले. चूक कुणाची आणि कशी, याची चौकशी दुपारी झाली. टूल झिजलं होतं आणि ते बदलण्याचं वेळापत्रक रात्रपाळीला कुणी लावून दिलेलंच नव्हतं.

पहिला प्रश्न "कुणी केलं?" असा आला असता, तर पुढच्या वेळी तो ऑपरेटर पहाटे गुपचूप घरी गेला असता आणि खराब बुश चांगल्या मालात मिसळून ग्राहकाच्या लाइनवर पोहोचले असते. मालकापर्यंत वाईट बातमी किती वेळात पोहोचते, यावर लहान कारखान्याचा नफा अवलंबून असतो. हे मी हिशेबाच्या वहीवरून सांगतो आहे. परत आलेला माल, डेबिट नोट (खराब मालापोटी ग्राहकाने वजा केलेली रक्कम), भाड्याचा दुहेरी खर्च, हे सगळं तिथे आकड्यांत दिसतं.

मात्र भरवसा म्हणजे डोळे मिटणं, असं कुणी समजू नये. "तो माझा जुना माणूस आहे" म्हणून ज्यांनी कॅशबुक वर्षानुवर्षं तपासलं नाही, तिथेच मी मोठे घोटाळे पाहिले. आणि दुसरं टोकही तितकंच वाईट. स्टोअरकीपरला दोनशे रुपयांचा पट्टा आणायला धरमपेठेतल्या घरून मालकाची परवानगी लागते, मालक फोन उचलत नाही, मशीन अर्धा दिवस बंद. यावर साधा उपाय आहे. खर्चाची मर्यादा ठरवून द्या, त्या मर्यादेत विचारायला लावू नका, आणि महिन्याच्या शेवटी स्टॉक मोजा, मालकाच्या स्वतःच्या खरेदीसकट. सगळ्यांचंच मोजलं जातं हे दिसलं की तपासणीचा अपमान वाटत नाही.

बोनसचंही तेच. कायद्याने किमान ८.३३ टक्के ठरवून दिले. तरी अजून कित्येक ठिकाणी धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत आकडा गुलदस्त्यात असतो आणि पाकीट मेहरबानी म्हणून हातात दिलं जातं. आकडा महिनाभर आधी बोर्डावर लावा. माणूस मुलांचे कपडे, गावचं तिकीट ठरवू शकतो.

हे सगळं लिहिताना लहान मालकाची कोंडी मला दिसते आहे, आणि ती खरी आहे. त्याला स्वतःचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. पण आपल्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडे व्याज मागायची हिंमत किती लघुउद्योजक करतील? २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली, की या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून धरता येणार नाही. त्याने मार्चमध्ये थोडी हालचाल होते. एप्रिलपासून पुन्हा "बिल प्रोसेसमध्ये आहे" सुरू.

म्हणून हे शेवटचं मोठ्या प्लांटच्या परचेस आणि अकाउंट्समधल्या मंडळींसाठी. तुमच्यातले बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. तुमच्या टेबलावर थांबलेलं बिल एखाद्या शेडमधल्या पंधरा-वीस घरांचा पगार असतं. ४४ व्या दिवशी सोडायचं ते बिल विसाव्या दिवशी सोडता येत असेल, तर या महिन्यात सोडून बघा. आणि मुदत उलटून गेलेली बिलं असतील तर उद्या सकाळी ती आधी काढा.