चौतीस फूट रबर

निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून माणसे काशीला जातात किंवा घरावर मजला चढवतात. मी 14 फुटांची एक जुनी फायबरची होडी घेतली. वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या खाडीच्या काठी आमचे गाव आहे, आणि सकाळी गरी टाकून बसावे, मासा लागला तर उत्तम आणि न लागला तर त्याचीही काही घाई नाही, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. होडीच्या काठाला सभोवार काळ्या रबराची एक पट्टी होती. होडी धक्क्याला घासली किंवा शेजारच्या होडीवर आपटली, तर पहिला मार खाण्यासाठी कोणीतरी असावे, या हेतूने ती बसवलेली असते. मार खाणारे जोवर मुकाट्याने मार खात असते तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. माघातल्या एका सकाळी मी समोरून जाणाऱ्या धोपाव्याच्या फेरीबोटीवरील गाड्या मोजण्यात गुंगलो असताना माझी होडी धक्क्याच्या कोपऱ्यावर गेली, नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, पट्टी वीतभर फाटली आणि पुढची हातभर खोबणीतून निसटून पाण्यात लोंबू लागली.

धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने विडी न काढताच उपाय सांगितला. “मास्तर, जुना टायर आणा, चार तुकडे करा, नायलॉनच्या दोरीनं बांधा. झालं.” त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या होड्यांना तसेच टायर लोंबत होते. परंतु माझी होडी पांढरी होती, आणि टायर घासून पांढऱ्या रंगावर काळे डाग पडतात, असे मी त्याला समजावून सांगितले. “पडू देत की,” तांडेल म्हणाला, “तिला काय बघायला येणार आहेत?”

मी 33 वर्षे शाळेत गणित शिकवले असल्यामुळे सोपे उत्तर मला नेहमीच संशयास्पद वाटते. मी सायकलच्या दुकानातून पंक्चरचे सोल्युशन आणले, फाटलेल्या कडा कानशीने घासल्या, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत घड्याळ लावून थांबलो, कडा जुळवल्या आणि त्या हलू नयेत म्हणून दोरीवरचे कपड्यांचे सगळे चिमटे काढून तिथे लावले. त्या दिवशी आमचे कपडे वाऱ्याने शेजाऱ्यांच्या चिकूवर गेले, आणि दुसऱ्या दिवशी चिमटे काढताच पट्टीने पुन्हा तोंड उघडले.

माझा एक विद्यार्थी आता त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने आमच्या गॅसच्या शेगडीवर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, पट्टीला टेकवली आणि पुन्हा ज्वाळेत धरली. ज्वाळा हिरवीगार झाली, स्वयंपाकघरात असह्य वास सुटला आणि सौभाग्यवतींनी आम्हा दोघांनाही शेगडीपासून हाकलले. “सर, हे रबरच नाही,” अंगणात आल्यावर तो म्हणाला, “ज्वाळा हिरवी झाली म्हणजे यात क्लोरीन आहे. हे पीव्हीसी. पंक्चरचं सोल्युशन याला धरणार नाही.” पीव्हीसी मुळात कडक असते, त्यात तेलासारखे एक द्रव्य घालून ते मऊ करतात, आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिले की ते द्रव्य हळूहळू निघून जाते, मग वस्तू ताठर होते, आक्रसते आणि जरा धक्का लागला की तडकते, असे त्याने सविस्तर सांगितले. हे वर्णन चालू असताना सौभाग्यवती दारात उभ्या राहून माझ्याकडे एकटक का पाहत होत्या, हे मला कळले नाही.

सबंध पट्टीच बदलायची ठरली. ती ॲल्युमिनियमच्या ज्या खोबणीत बसते, ती खोबणी सहा-सहा इंचांवर एक, अशा 68 स्टीलच्या स्क्रूंनी होडीला जखडलेली होती, आणि त्यांतले निम्मे सैल झाले होते. सैल झालेले निम्मे निघाले. उरलेले निम्मे ॲल्युमिनियमशी एकजीव झाले होते, कारण हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र नांदले की ॲल्युमिनियम झिजत जाते आणि त्याची पांढरी भुकटी स्क्रूभोवती सिमेंटसारखी दाटून बसते. रॉकेल घालून, ठोकून, विनवून पाहिले. पाच स्क्रूंची डोकी तुटून हातात आली आणि त्यांच्या शेजारी नवी भोके पाडावी लागली. यात तीन दिवस गेले. त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

पट्टी आणायची होती मुंबईहून. मी होडीचा काठ दोनदा मोजला, तो बरोबर 34 फूट भरला, आणि भाच्याला फोनवरून तसे कळवले. “मामा, फूटभर जास्त घेऊ का?” त्याने विचारले. मी त्याला कोणाशी बोलतो आहेस याची आठवण करून दिली.

साबणाचे पाणी लावून मी पट्टी खोबणीत बसवू लागलो. ती सहज बसेना, म्हणून एक हात ओढीत आणि दुसरा दाबीत मी पिछाडीपर्यंत पोहोचलो, तेव्हा चक्क सहा इंच पट्टी शिल्लक उरली. भाच्यानेच जास्त आणली असावी असे मानून मी मोठ्या समाधानाने तो तुकडा कापून टाकला. चौथ्या दिवशी पाहतो तो पिछाडीला फट. मी ती मोजली. सहा इंच. ओढूनताणून बसवलेली पट्टी आपल्या मूळ लांबीवर परत गेली होती, आणि भाच्याचे माप चोख होते.

“मग तो तुकडा परत लावा ना,” सौभाग्यवती म्हणाल्या. तुकडा त्यांनी एव्हाना स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला होता. तो काढल्यामुळे टेबल पुन्हा डुगडुगू लागले, हा हिशेब अजून मिटलेला नाही. या खेपेला पट्टी न ताणता बसवायची, तर ती आधी गरम पाण्यात मऊ करायला हवी, म्हणून मी तिचे वेटोळे अंघोळीच्या हंड्यात बुडवून चूल पेटवली आणि लाकडी कालथा शोधायला आत गेलो, कारण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पट्टीला चरे पडतात. तेवढ्यात तिन्हीसांजेला पाणी काढायला आलेल्या सौभाग्यवतींनी झाकण उचलले, आणि “जनावर! जनावर!” अशी आरोळी उठली. पाच मिनिटांत निम्मी वाडी काठ्या घेऊन आमच्या पडवीत हजर झाली. मंडळी जमलीच होती, तर त्यांतल्या चौघांनी ते वाफाळते जनावर उचलून होडीपर्यंत नेले, मी कालथ्याने बोटभर बोटभर दाबत गेलो, आणि कंदिलाच्या उजेडात पट्टी जशी हवी तशी बसली. सांधा पिछाडीला, सहसा कोणी पाहत नाही तिथे आला.

दोन दिवसांनी मी होडी पाण्यात घातली. परत येताना धक्का जवळ आला, तांडेल तिथेच बसला होता, आणि नव्या कोऱ्या पट्टीवर पहिला ओरखडा उठणार या कल्पनेने माझ्या पोटात कालवले. मी उजवा पाय बाहेर काढून धक्क्याला टेकवला.

पट्टीला काहीही झालेले नाही. उजव्या अंगठ्याचे नख आठवडाभरात काळे पडून निघून गेले. संध्याकाळी सौभाग्यवतींनी त्याच हंड्यात पाणी तापवून, मीठ घालून माझ्यापुढे आणून ठेवले, आणि मी पाय बुडवून बसलो असताना तांडेल समाचाराला आला. त्याने हंड्यात वाकून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काखेतला जुना टायर पडवीच्या खांबाला टेकवून ठेवला.

“पायाला बांधा,” तो म्हणाला.