‘स्पष्टवक्ता’ यांस, जरा सविस्तर

नमस्कार. कॅसेटी नॅसवर (घरातलं साठवणीचं यंत्र; आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच उमटवण्याच्या सोयीला ‘रेड’ म्हणतात) चढवण्याच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “काका, ही सगळी गाणी यूट्यूबवर फुकट मिळतात. निवृत्तीनंतरचा रिकामा उद्योग. शिवाय रेड म्हणजे बॅकअप नव्हे, एक प्रत घराबाहेर ठेवा. आणि कॅसेटला २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ म्हणजे बैलगाडीला विमानाचे टायर.”

आधी ते ‘काका’. आपली ओळख नाही, आणि मी निवृत्त आहे असं लेखात कुठंही नाही. (आहे. पण तो मुद्दा नाही.)

टायरचं मान्य, आवाज मी गरजेपेक्षा बारीक मापानं उतरवत होतो. कॅसेटच्या खरखरीला सीडीचं माप, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, पुष्कळ झालं. तासाला दोन जीबी जात होते, तिथं साडेसहाशे एमबीत भागतं. फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करायची पद्धत) केलं की आणखी कमी. पुढच्या कॅसेटी तशाच करीन. झालं समाधान?

आता ‘सगळी गाणी’. माझ्याकडच्या निम्म्या कॅसेटी बाजारातून आलेल्याच नाहीत. १९८४ साली आजीला स्वयंपाकघरात बसवून ओव्या म्हणायला लावल्या होत्या. जातं कधीच अडगळीत गेलेलं, म्हणून ती नुसताच हात गोल फिरवत म्हणत होती. तिसऱ्या ओवीत कुकरची शिट्टी होते आणि ती सुरातच विचारते, “किती झाल्या गं?” हे यूट्यूबवर सापडलं तर लिंक पाठवा, वाट बघतो.

आणि ‘रिकामा’! साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते, तिथं घाई चालत नाही. त्याआधी हेड, म्हणजे प्लेअरचा टेप वाचणारा भाग, अल्कोहोलनं पुसा. आतली फेल्टची गादी निखळली असेल तर टेप दुसऱ्या खोळीत भरा. मग बारीक स्क्रूड्रायव्हरनं हेडचा कोन केसभर फिरवत बसा, टाळ मोकळा वाजेपर्यंत. ताईच्या लग्नाच्या व्हीएचएसला बुरशी आली होती, तिच्यापायी तीन रविवार गेले. दुरुस्तीला दिलेला व्हीसीआर दुकानदारानं आठ महिन्यांनी न उघडता परत दिला, तेव्हा ते काम मीच शिकलो. तुम्ही कधी एखादी टेप उघडून बघितली आहे का? की नुसतंच लिहिता?

हा उद्योग सुचला कशानं, तेही सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं. माणसं, कागदपत्रं, गॅसची टाकी वर नेली. खालच्या फळीवरचा खोका राहिला. त्यात वडिलांचं कीर्तन होतं, एकच प्रत. पाणी ओसरल्यावर खोक्यात चिखल होता. टेप धुऊन, वाळवून बघितली. काही उमटलं नाही. ज्यांच्या घरात पाणी आलं नाही त्यांनी रिकामा उद्योग म्हणावं, काय बोलणार.

राहिलं रेड. ते सुभाषित मलाही पाठ आहे. दोन डिस्कवर तेच उमटतं, एक गेली तर दुसरी आहे, माझं भागतं. घराबाहेर प्रत ठेवायची म्हणजे कुणाकडे? पुण्याला लेकीच्या फ्लॅटमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही. आणि यंत्र मी माळ्यावर ठेवलंय. २०१९ ला पाणी तिथवर आलं नव्हतं.