पोते रिकामे, नोंद मात्र भरलेली

म्हापशाच्या बाजारातील एका काजूविक्रेत्याला साठ्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम मी सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून दिला आहे. प्रत्येक नंबरच्या, म्हणजे आकाराच्या प्रतीच्या, काजूसाठी एक छोटा स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली नोंद), त्यात भाव आणि शिल्लक किलो, आणि हे सगळे स्ट्रक्ट एका जेनेरिक लिस्टमध्ये, म्हणजे एकाच प्रकारच्या नोंदींच्या यादीत. याहून साधे काम ते कोणते असणार! परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला : "पोतें रितें जालां आनी तुजो कंप्युटर चाळीस किलो दाखयता!" मग रायबंदरच्या धक्क्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बसलो आणि चोडणच्या तीन फेरीबोटी माझ्या डोळ्यांदेखत सुटल्या.

प्रोग्राम लिहिताना मी आधी यादीतल्या ३२० नंबरची शिल्लक थेट बदलू पाहिली होती. तेव्हा कंपायलरने (प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्याने) सीएस१६१२ ही चूक तोंडावर फेकून, हा व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारी जागा, नाही, सबब बदलता येणार नाही, असे ठणकावले. ठीक आहे, म्हणून मी वजाबाकीची मेथड, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, स्ट्रक्टमध्येच लिहिली आणि यादीतल्या त्याच घटकावर ती चालवली, तर हाच कंपायलर मूग गिळून बसला. परवा डीबगरने, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने चालवून दाखवणाऱ्या साधनाने, पाहिले, तेव्हा मेथडच्या आत शिल्लक ३५ दिसत होती आणि बाहेर पाऊल टाकताच पुन्हा ४०. पहिला घटक मागायला चौकटी कंसात ० लिहिला की यादी मूळ नोंद देतच नाही, तिची प्रत काढून देते. माझे पाच किलो त्या प्रतीतून वजा झाले आणि प्रत पुढच्याच ओळीला कचऱ्यात गेली. जिथे नुकसान होण्याची शक्यताच नव्हती तिथे आरडाओरडा, आणि जिथे गिऱ्हाइकाचा हिशेब बुडतो तिथे साधी सूचनाही नाही, याला कोणता न्याय म्हणायचे?

संताप अधिक वाढतो तो अ‍ॅरे ही घटकांची साधी रांग पाहून. तेच कंस, तोच ०, पण अ‍ॅरेचा घटक हा प्रत्यक्ष व्हेरिएबल असल्यामुळे तिथे बदल मुकाट्याने टिकतो. लिस्टचे कंस म्हणजे आतून एक मेथडच आहे, हे दिसण्यावरून कोणाला कळावे? यादीतले घटक एकेक करून घेणाऱ्या फोरईचमध्येही तोच तमाशा.

जेनेरिक लिस्ट २००५ मध्ये आली, तिच्यामुळे बॉक्सिंगचा, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळण्याचा, खर्च वाचला, हे मला मान्य आहे. २०२० मध्ये सी शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटच्या ५ व्या आवृत्तीसोबत यादीच्या आतल्या साठ्यावर थेट स्पॅन, म्हणजे प्रत न काढता मूळ जागेवर उघडणारी खिडकी, मिळवण्याची सोयही झाली; पण तो स्पॅन वापरात असेपर्यंत यादीत काही घालायचे नाही की काढायचे नाही, ही अट काउंटरवर गर्दी असलेल्या दुकानात पाळायची कशी?

शेवटी मी स्ट्रक्ट रीडओन्ली, म्हणजे एकदा बनला की न बदलणारा, केला. आता वजाबाकीची मेथड नवी प्रत परत करते आणि ती यादीत त्याच जागी पुन्हा ठेवावी लागते. ठेवायला विसरलो तर? कंपायलर तेव्हाही गप्पच! दुकानदारांना हे सगळे समजावून सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि आता ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने किलो लिहून ठेवतात.